मिरगाच्या पहिल्या पावसात मेलेले चोणक

देवगड तालुक्यातल्या एका खाडीच्या आतल्या अंगाला माझ्या मामांचं खाजण, म्हणजे बांध घालून राखलेली खारी जमीन, आहे. तिथे मामेभावाने चोणकाचं तळं खणलं. चोणक म्हणजे रायगडकडचा जिताडा. जमीन घरची, बांध जुना, तिवराच्या एका झाडालाही हात लावलेला नाही. दिवाळीनंतर जेसीबी लावून पुरुषभर खोल माती काढली आणि तीच माती चारी बाजूंनी टाकून बांध उंच केला. उधाणाच्या भरतीला उघाडीतून, म्हणजे बांधातल्या दारातून, खाडीचं पाणी आत घेतलं आणि बीज सोडलं. हिवाळा गेला, उन्हाळा गेला, मासा चांगला धरत होता. मग मिरगाचा पहिला मोठा पाऊस एका रात्रीत कोसळला. सकाळी मासे उलटे होऊन वर यायला लागले आणि दिवस मावळेपर्यंत जवळपास सगळे गेले.

मी भूविज्ञान शिकवतो, म्हणून मला बोलावणं आलं. पोचल्यावर पहिला प्रश्न मामींचा. "माका सांग, पाणी इतक्या निवळ आसा तर मासो मेलो कित्याक?"

प्रश्न अगदी मुद्द्याचा होता. खाडीकाठचं तळं पावसाळ्याच्या तोंडावर गढूळ असायला हवं. बांधाची माती वाहून आलेली, वर लाल ओघळ, खाली गाळ. इथे मात्र पाणी निवळशंख, किंचित निळसर, तळाची पावलं दिसतील असं. पाऊस पडून गेलेल्या तळ्यात असं पाणी दिसलं की आनंद होण्याऐवजी पोटात गोळा यायला हवा. पुढचं सगळं प्रकरण या एका खुणेत होतं.

संशय कोणाकोणावर

गावात मासे मेले की पहिला संशय माणसावर जातो. बांधाच्या हद्दीवरून शेजाऱ्यांशी जुनी कुरबुर होती, त्यामुळे "कोणीतरी औषध टाकलं" हे वाक्य मी पोचायच्या आधीच गावभर झालं होतं. दुसरा संशय वरच्या कातळावरच्या हापूसच्या बागांवर. मोहोरापासून फवारण्या सुरू असतात, पहिल्या पावसाने ते सगळं वाहून खाली येतं, हा तर्क काही चुकीचा नाही. तिसरा संशय पाण्यातला प्राणवायू संपल्याचा, चौथा रोगाचा.

प्राणवायू संपतो तेव्हा मासा पहाटे वर येऊन तोंड उघडतो आणि ऊन चढलं की सावरतो, कारण उन्हात पाण्यातलं शेवाळ पुन्हा प्राणवायू सोडायला लागतं. इथे उलट झालं. दिवस चढत गेला तसे मासे मरत गेले. रोग एका रात्रीत असा येत नाही, आणि आला तर चोणकाला धरतो, त्याच तळ्यातल्या कोळंबीला, खेकड्याला आणि गोगलगाईला एकदम धरत नाही. फवारणीचं औषध असतं तर वरून येणाऱ्या वहाळाच्या तोंडाशी आणि तो जिथे खाडीला मिळतो तिथे मार दिसला असता. तिथे निवटे, चिखलावर फिरणारे ते लहान मासे, नेहमीसारखे उड्या मारत होते.

मेलेल्या माशाचे कल्ले उघडून पाहिले. लालभडक असायला हवेत तिथे तांबूस तपकिरी, बुळबुळीत थर. बोटाला गंज लागावा तसा लागत होता. सामू (pH) मोजायची कागदी पट्टी पाण्यात बुडवली तर रंग चारच्या खाली गेला. समुद्राच्या पाण्याचा सामू आठच्या जरा वर असतो. सामूचं माप असं आहे की एक अंक खाली गेला की आम्लता दहापट वाढते, म्हणजे हे पाणी खाडीच्या पाण्यापेक्षा दहा हजार पटींहून जास्त आम्ल झालं होतं. कोणत्याही शेजाऱ्याला एवढं मोठं तळं इतकं आम्ल करायचं तर टँकरने आम्ल आणावं लागेल. मी हे मामेभावाला तिथल्या तिथे, चार माणसांसमोर सांगितलं, कारण संशय एकदा मुरला की तो पाण्यापेक्षा उशिरा निवळतो.

पाणी निवळ का झालं, त्याचंही उत्तर यातच आहे. इतक्या आम्ल पाण्यात चिकणमातीतलं ॲल्युमिनियम विरघळतं. ते पाण्यात तरंगणाऱ्या बारीक कणांना एकत्र बांधून तळाशी बसवतं. शहरात पाणी शुद्ध करताना तुरटी टाकतात ती याच कामासाठी. माशाच्या कल्ल्यांना मात्र हेच विरघळलेलं ॲल्युमिनियम जाळतं, आणि लोहाचा साका वरून बसला की श्वास बंद होतो.

आम्ल बांधातून आलं होतं. बांधाच्या आतल्या उतारावर वैशाखाच्या उन्हाने भेगा पडल्या होत्या आणि भेगांच्या कडांना फिकट पिवळे डाग होते. मामेभावाला ते महिनाभर दिसत होते. "दादा, मला वाटलं शेवाळ सुकलं असेल." ते जॅरोसाइट होतं. पोटॅशियम, लोह आणि सल्फेट यांचं हे खनिज फक्त खूप आम्ल जागीच तयार होतं. 2004 मध्ये मंगळावरच्या मेरिडियानी पठारावर ऑपॉर्च्युनिटी या यंत्राला हेच खनिज सापडलं आणि तिथे कधीकाळी आम्ल पाणी होतं असा निष्कर्ष त्यावरून निघाला. मंगळावर यंत्र पाठवून ओळखायची खूण खाजणाच्या बांधावर उघड्या डोळ्यांनी दिसते, हे मला फार विलक्षण वाटतं.

खात्री करायला आणखी एक चाचणी केली. तळाच्या बाजूचा, अजून ओला असलेला चिखल घेतला. त्याचा सामू जवळजवळ सात, म्हणजे निरुपद्रवी. त्यावर प्रयोगशाळेतलं तीव्र हायड्रोजन पेरॉक्साइड घातलं. चिखल फसफसला, भांडं हाताला गरम लागलं आणि थोड्या वेळाने त्याच चिखलाचा सामू तीनच्याही खाली उतरला. उन्हाळ्याने बांधावर महिन्यांत केलेलं काम पेरॉक्साइडने काही मिनिटांत केलं. आम्ल चिखलात आधी नव्हतं. आम्ल होण्याची तयारी मात्र पुरेपूर होती.

चिखलात गंधक आलं कुठून

खाजणाच्या कडेला, जिथे खोदकाम झालं नव्हतं, तिथे कोयत्याने चिखल उभा कापला. वर बोटभर तांबूस थर, त्याखाली डांबरासारखा काळा, त्याच्याही खाली निळसर राखाडी, मधेमधे जुन्या तिवराची कुजकी मुळं. काळ्या थरातून सडक्या अंड्याचा वास आला, उन्हवऱ्याच्या गरम कुंडाजवळ येतो तसा. कापलेली काळी बाजू आम्ही तशीच उघडी ठेवली. घरून चहा येऊन पिऊन होईपर्यंत तिचा काळा रंग राखाडी पडायला लागला होता.

तो काळा रंग लोह-सल्फाइडचा, जो हवा लागताच बिघडतो. खालचा राखाडी थर शांत दिसतो, पण खरा साठा तिथे आहे. लोहाचा एक आणि गंधकाचे दोन अणू असलेलं पायराइट त्यात भरलेलं असतं. त्याचे कण इतके बारीक की सूक्ष्मदर्शकाखाली गोल गोळे दिसतात आणि त्या प्रत्येक गोळ्यात शेकडो, हजारो स्फटिक दाटीने बसलेले असतात. गोळ्याचा व्यास बहुधा मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या आसपास. बारीक असल्यामुळे त्याला हवेशी भिडायला भरपूर पृष्ठभाग मिळतो.

पायराइट बनायला तीन वस्तू लागतात आणि कोकणात तिन्ही भरभरून आहेत. पहिली वस्तू सल्फेट, म्हणजे ऑक्सिजनशी जोडलेलं गंधक. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे 2.7 ग्रॅम सल्फेट असतं, क्लोराइडनंतर ऋणभारित आयनांमध्ये त्याचाच नंबर. दुसरी वस्तू लोह. वरच्या सड्यावरचा जांभा लोहाने लालेलाल आहे आणि दर पावसाळ्यात त्याची धूप होऊन लाल पाणी खाडीत उतरतं. तिसरी वस्तू कुजणारा पाला, जो तिवर आणि कांदळ वर्षभर पुरवतात.

कोकणातल्या चिखलात काही मिलिमीटर खाली गेलं की प्राणवायू संपतो. तिथले जिवाणू पाला कुजवण्यासाठी प्राणवायूऐवजी सल्फेटमधला ऑक्सिजन वापरतात आणि हायड्रोजन सल्फाइड, म्हणजे तोच सडक्या अंड्याच्या वासाचा वायू, बाहेर टाकतात. मार्टिनुस बायरिंक या डच शास्त्रज्ञाने असे जिवाणू 1895 मध्ये पहिल्यांदा वेगळे केले. किनाऱ्यालगतच्या सागरतळावर जेवढं सेंद्रिय द्रव्य कुजतं त्यातलं निम्म्याच्या आसपास याच वाटेने जातं, हे 1970 आणि 80 च्या दशकांत बो बार्कर यॉर्गेन्सेन यांच्या डेन्मार्कमधल्या मोजमापांनी दाखवलं. हा हायड्रोजन सल्फाइड लोहाशी जुळला की आधी काळा सल्फाइड, मग पायराइट. खाडीचा चिखल म्हणजे समुद्राचं गंधक अडकवून ठेवायची जागा.

त्याच कापलेल्या चिखलात आणखी एक गोष्ट बघण्यासारखी होती. एका मोठ्या नांगीच्या त्या लहान खेकड्यांची बिळं काळ्या थरातून खाली गेलेली. प्रत्येक बिळाच्या भोवती पाव बोट रुंदीची नारिंगी कड. भरती-ओहोटीबरोबर बिळातून पाणी आणि हवा आत जाते आणि बिळाच्या भिंतीतलं सल्फाइड तिथेच गंजून जातं. म्हणजे हे खेकडे चिखलात अडकलेलं गंधक थोडं थोडं परत समुद्राला सोडत असतात. हा तपशील पुढे फार मोठ्या प्रमाणावर परत भेटतो.

आजोबांच्या काळी याच खाजणात भात होत असे आणि कधी काही बिघडलं नाही. कारण साधं आहे. नांगर वीतभरापलीकडे गेला नाही. वरची माती कित्येक पावसाळ्यांनी धुऊन निघालेली आणि खालचा राखाडी थर कायम ओला. केरळात कुट्टनाडच्या कारी जमिनी याच जातीच्या आहेत आणि तिथला शेतकरीही शेत पाण्याखाली ठेवून आम्ल दाबतो. जेसीबीने पहिल्यांदा तो थर उन्हात आणला.

हीच उलटसुलट क्रिया साऱ्या पृथ्वीवर

या तळ्याचं प्रकरण मला इतकं महत्त्वाचं वाटण्याचं कारण गावापुरतं नाही. बांधावर जी क्रिया झाली तिचं गणित असं: पायराइटचे 4 रेणू ऑक्सिजनचे 15 रेणू खातात आणि गंधकाम्लाचे 8 रेणू देतात, लोह गंज होऊन मागे राहतं. हीच क्रिया उलटी वाचली तर? सल्फेट आणि लोहाचा गंज यांच्यापासून 4 पायराइट बनून चिखलात पुरले गेले की ऑक्सिजनचे 15 रेणू हवेत शिल्लक राहतात. मूळ ऑक्सिजन हिरव्या झाडांचा आणि शेवाळाचाच. पण पाला कुजताना तो परत खाल्ला गेला असता, ते काम सल्फेटने केल्यामुळे तो वाचला. हवेतल्या ऑक्सिजनच्या जमाखर्चात सेंद्रिय कार्बन गाडला जाण्याचा वाटा मोठा, पण गाडलेल्या पायराइटचाही वाटा ठळक आहे. म्हणून चिखलातलं पायराइट ही हवेला दिलेली उधारी आहे, आणि मामेभावाच्या बांधाने ती एका उन्हाळ्यात परत मागितली.

ही उधारी नेहमी अशी नव्हती. दक्षिण आफ्रिकेतल्या विटवॉटर्सरँड इथे सुमारे 280 ते 290 कोटी वर्षांपूर्वीच्या नद्यांची गोटाळ वाळू आज दगड होऊन पडली आहे. सोन्याच्या खाणींसाठी ती जागा जगाला माहीत आहे. त्या दगडात पायराइटचे गोल गुळगुळीत खडे सापडतात, नदीने वाहून आणून घासलेले. आज कुठल्याही नदीत पायराइट असं लांब वाहत जाऊ शकत नाही, हवा त्याला वाटेतच गंजवून टाकते. खाजणाच्या बांधावर ते एक उन्हाळा टिकलं नाही आणि तिथे नदीच्या पाण्यात घासून गोल झालं. त्या काळच्या हवेत ऑक्सिजन जवळपास नव्हता, याचा याहून सरळ पुरावा मला माहीत नाही.

जमिनीवरचं पायराइट गंजत नसेल तर नद्या समुद्राला सल्फेट देणार कुठून? म्हणून तो प्राचीन समुद्र सल्फेटचा दरिद्री होता. आजच्या समुद्रात एका लिटरमागे सुमारे 28 मिलिमोल (म्हणजे वर सांगितलेलं 2.7 ग्रॅम) सल्फेट आहे, तेव्हा ते 0.2 मिलिमोलच्याही खाली होतं असा अंदाज 2002 मध्ये मांडला गेला आणि नंतरच्या कामात तो आकडा आणखी खाली आला. तरीही सल्फेटवर जगणारे जिवाणू तेव्हा होते. ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम भागात नॉर्थ पोल नावाच्या जागी जवळपास 350 कोटी वर्षांचे खडक आहेत. त्यातल्या सल्फाइडमध्ये गंधकाचे हलके अणू जास्त सापडतात. गंधकाच्या अणूंपैकी सुमारे 95 टक्के 32 वजनाचे आणि चारएक टक्के 34 वजनाचे. जिवाणू हलका अणू आधी उचलतात, त्यामुळे त्यांनी केलेलं सल्फाइड हलकं आणि समुद्रात उरलेलं सल्फेट जड होतं. आजही समुद्रातलं सल्फेट, उल्कांमधल्या गंधकाशी तुलना केली तर, दर हजारी 21 ने जड आहे. खाडीतल्या जिवाणूंची सही इतक्या जुन्या दगडावर वाचता येते.

हवा कधी बदलली, त्याची तारीखही गंधकानेच दिली. 2000 साली जेम्स फारकार, हुईमिंग बाओ आणि मार्क थिमेन्स यांनी दाखवलं की फार जुन्या खडकांतल्या गंधकाच्या 33 वजनाच्या अणूंचं प्रमाण नेहमीच्या नियमात बसत नाही. ज्वालामुखीतून निघालेल्या वायूंवर सूर्याची अतिनील किरणं थेट पडली तरच असं होतं, म्हणजे वर ओझोन नसेल, हवेत ऑक्सिजन नसेल, तेव्हाच. ही खूण सुमारे 240 कोटी वर्षांपूर्वी पुसट होत जाते आणि मग नाहीशी होते.

त्या वळणावर काय झालं असेल, ते मी खाजणाच्या बांधावर उभा राहून पाहत होतो. 2011 मध्ये कर्ट कोनहाउसर आणि सहकाऱ्यांनी समुद्रातल्या जुन्या लोहखडकांमधलं क्रोमियम मोजून एक कल्पना मांडली. सुमारे 248 कोटी वर्षांपूर्वीपासून त्यांत क्रोमियम एकदम वाढतं. क्रोमियम जमिनीतून सहज सुटत नाही, त्याला तीव्र आम्ल लागतं. त्यांचं म्हणणं असं की हवेत आलेल्या पहिल्या ऑक्सिजनने जमिनीवर पडून असलेल्या पायराइटवर झडप घातली आणि जिवाणूंच्या मदतीने पृथ्वीच्या पाठीवर ठिकठिकाणी आम्लाचे ओहोळ सुटले. आमच्या तळ्यातही हेच जिवाणू कामाला होते. आम्ल पाण्यात विरघळलेलं लोह हवेने गंजायला फार वेळ लागतो. जिवाणू तेच काम सुमारे दहा लाख पटीने वेगात करतात, हे 1970 पासून माहीत आहे. म्हणून तर पाऊस पडायच्या आधीच बांधात आम्ल तयार होऊन बसलं होतं.

नंतरची गोष्ट सरळ रेषेत जात नाही, आणि मला ती म्हणूनच आवडते. जमिनीवरचं पायराइट गंजायला लागल्यावर समुद्रात सल्फेट वाढलं. पण खोल समुद्रात अजून ऑक्सिजन पोचला नव्हता. तिथे सल्फेट मिळताच जिवाणूंनी हायड्रोजन सल्फाइड करायला सुरुवात केली. 1998 मध्ये डोनाल्ड कॅनफिल्ड यांनी सुचवलं की सुमारे 180 कोटी वर्षांपूर्वी पट्टेदार लोहखडक (समुद्रात विरघळलेलं लोह थराथराने खाली बसून झालेले) बनायचे थांबले ते खोल पाण्यात ऑक्सिजन आल्यामुळे नाही, तर खोल पाण्यात सल्फाइड आल्यामुळे. सल्फाइडने लोह पायराइट करून खाली बसवलं. पुढच्या अभ्यासांनी हे चित्र जरा बदललं. सल्फाइडचं पाणी मुख्यतः खंडांच्या काठाने, मधल्या खोलीवर होतं आणि त्याखालचा समुद्र बराच काळ लोहयुक्तच राहिला. आपल्याकडे वेंगुर्ल्याजवळ रेडीच्या खाणीतलं लोहखनिज अशाच पट्टेदार लोहखडकांपासून झालेलं आहे, धारवाड गटातल्या. पाण्यात लोह विरघळलेलं राहायचं तर सल्फाइड नसावं लागतं. रेडीचा लाल डोंगर आणि देवगडच्या खाडीतला काळा चिखल या लोहाच्या दोन वेगळ्या वाटा आहेत, आणि कुठली वाट मिळणार ते गंधक ठरवतं.

आता त्या बिळांकडे येऊ. सुमारे 54 कोटी वर्षांपूर्वी सागरतळ उकरणारे प्राणी वाढायला लागले. त्याआधी तळाचा गाळ थरावर थर तसाच पडून राही आणि बनलेलं सल्फाइड त्यातच गाडलं जाई. उकरणाऱ्यांनी गाळात पाणी आणि ऑक्सिजन नेला, सल्फाइड परत सल्फेट होऊन समुद्रात गेलं. कॅनफिल्ड आणि फारकार यांनी 2009 मध्ये हाच विचार मांडला: समुद्रातलं सल्फेट आजच्या पातळीकडे वाढण्यामागे या प्राण्यांचा मोठा हात आहे. खाजणातल्या खेकड्याच्या बिळाची नारिंगी कड पाहिली की ते पटतं.

सल्फेट समुद्रातून बाहेर जायची दुसरी वाट जिप्समची. शिरोड्याच्या मिठागरांत पाणी आटवताना मिठाच्या आधी जिप्सम खाली बसतं. हेच मोठ्या प्रमाणावर भूमध्य समुद्रात सुमारे 59 ते 53 लाख वर्षांपूर्वी झालं, तो समुद्र जवळपास तुटला, आटला आणि जिप्सम व मिठाचे प्रचंड थर बसले. जिप्सममध्ये गंधक सल्फेट म्हणूनच जातं, त्यामुळे हवेच्या ऑक्सिजनशी या वाटेचा थेट संबंध येत नाही. उधारी फक्त पायराइटच्या वाटेला.

आणि हे सगळं फक्त इतिहासातलं नाही. दर वर्षी पावसाळ्याच्या शेवटी, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, आपल्याच किनाऱ्याबाहेर उथळ समुद्राच्या तळाशी कमी ऑक्सिजनचं खोल पाणी चढून येतं. वर पावसाच्या गोड्या पाण्याचा थर झाकण घालून बसलेला असतो. खालचा उरलासुरला ऑक्सिजन संपतो आणि तळाच्या पाण्यात हायड्रोजन सल्फाइड सापडतो. दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने गोव्याच्या किनाऱ्याजवळ हे वर्षानुवर्षं मोजलं आहे. दोनशे कोटी वर्षांपूर्वीच्या समुद्राचा एक तुकडा आपल्याकडे दर गणपतीनंतर काही आठवडे येऊन जातो.

चुन्याचा हिशेब

मामेभावाचा पहिला विचार, तळ आणखी खणून सगळी काळी माती बाहेर काढावी. मी ठामपणे नको म्हटलं. बाहेर काढलेली प्रत्येक टोपली पुढच्या उन्हाळ्यात आम्ल होणार. तळं पूर्ण उपसून सुकवायचं नाही, हेही त्याच कारणाने. तळ पाण्याखाली असेपर्यंत सुरक्षित आहे. धोका बांधाचा.

चुन्याचा हिशेब मांडला तेव्हा मात्र दोघेही गप्प झालो. समजा सुक्या मातीत 1 टक्का गंधक पायराइटच्या रूपात आहे. अशा एक टन मातीतून सुमारे 30 किलो गंधकाम्ल निघू शकतं आणि ते मारायला साधारण 31 किलो चुनखडीची पूड लागते. बांधाच्या एका मीटरला तीन टन माती धरली तर मीटरला 93 किलो, शंभर मीटरला नऊ टनांहून जास्त. सगळा बांध मारायचा विचार करणं व्यर्थ आहे.

त्यापेक्षा समुद्राकडून काम करून घेणं स्वस्त. समुद्राच्या पाण्यात बायकार्बोनेट असतं, ते आम्ल मारतं. एक किलो गंधकाम्लाला साधारण 9 हजार लिटर समुद्राचं पाणी पुरतं. उघाडी उघडली की उधाणाला तेवढं पाणी फुकट आत येतं. फक्त ते कोरड्या हंगामात घ्यायचं. पावसाळ्यात खाडी गोडी होते आणि आमच्या जांभ्यावरून येणाऱ्या पाण्यात आम्ल मारायची ताकद फारशी नसते.

तळ्याच्या एका कोपऱ्यातली गोष्ट यावेळी उपयोगी पडली. तिथे पूर्वी कोणीतरी कालवं फोडून शिंपांचा ढीग टाकलेला होता आणि खणताना त्या शिंपा बांधात मिसळल्या. तेवढ्या पट्ट्यात पिवळे डाग नव्हते. शिंप म्हणजे चुनखडीच. म्हणून बांधाच्या आतल्या उतारावर वरच्या वीतभर थरात फोडलेल्या शिंपा आणि शिंपांचा चुना मिसळला. पूर्ण आम्ल मारायचा आग्रह न धरता वरचं कातडं तेवढं सुरक्षित करायचं, असा बेत. बांधाच्या पायथ्याशी आतून एक पाट काढला आणि त्यातही शिंपा भरल्या, म्हणजे बांधावरून येणारं पावसाचं पाणी तळ्यात उतरण्याआधी शिंपांवरून जाईल. हे पाणी सरळ खाडीत सोडायचा विचारही पुढे आला होता. मला तो मान्य नव्हता. बाहेर निवटे आहेत, कालवं आहेत, आणि त्यांचा आपल्या खोदकामाशी काही संबंध नाही.

शेजाऱ्यांकडे मामा स्वतः गेले आणि पट्टीचा रंग दाखवून आले. माझ्या दृष्टीने या प्रकरणातलं हे सगळ्यात जरुरीचं काम होतं.

दिवाळीनंतर प्रत्येक उधाणाला पाणी आत घेऊन ओहोटीला सोडलं. सुरुवातीला सोडलेलं पाणी तांबूस होतं, हळूहळू खाडीच्या रंगाचं झालं आणि सामू सातच्या वर गेला. बीज मात्र लगेच सोडलेलं नाही. उरलेल्या खाजणात दुसरं तळं खणायचा बेत मामेभावाने सोडून दिला आहे, तिथे पुन्हा खारं भात लावायचं ठरलं आहे, नांगर वीतभर. पहिल्या तळ्यात चोणक सोडायचा निर्णय वैशाखात बांधावर पिवळे डाग किती दिसतात आणि मिरगानंतर पाटातलं पाणी पट्टीवर काय रंग देतं, ते पाहून होईल. त्या पावसाच्या रात्री पट्टी घेऊन तिथे मी असणार आहे.